बारा फुटांच्या पुढचा अजगर घरात पाळावा का?

पाणकणीस (धागाकर्ते)

अमेरिकेत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विक्री-मेळ्यात बर्मी अजगराचं दीड-दोन फुटांचं पिल्लू हातावर ठेवून दाखवतात. स्वभावाने शांत असतो असं सांगतात, आणि ते खरंच आहे. पण मादी तीन-चार वर्षांत बारा फुटांच्या पुढे जाते, वजन चाळीस किलो ओलांडू शकतं, आणि ती वीस वर्षं सहज जगते. जाळीदार अजगर तिच्याहून लांब, हिरवा अॅनाकोंडा तिच्याहून जड. माझं मत असं की राहत्या घरात यांपैकी काहीही पाळू नये. विरुद्ध मत असणाऱ्यांनी जरूर लिहावं, पण नेमकी व्यवस्था सांगून.

(भारतातल्या वाचकांसाठी: आपला अजगर, ईशान्येकडचा बर्मी आणि निकोबारचा जाळीदार हे तिन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पाळणं गुन्हा आहे, तिथे चर्चेला जागाच नाही.)

रानजाई

मी विरुद्ध बाजूची. व्यवस्था सांगते.

पूर्ण वाढलेल्या बर्मीला किमान आठ फूट लांब, चार फूट रुंद पिंजरा, आणि शक्य असेल तर त्याहून मोठा. उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २६च्या आसपास. उष्णतेसाठी छताला रेडियंट पॅनेल (वरून ऊब देणारी विजेची पाटी), आणि ते तापमान ठरावीक ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटवरच. तापणारे दगड मुळीच नकोत: पोट भाजत असतानाही साप तिथून हलेलच असं नाही, आणि जखम दिसते तोवर फार उशीर झालेला असतो. तापमान घसरलं की दोन गोष्टी बिघडतात. खाल्लेलं पचत नाही, तो ओकून टाकतो. आणि फुफ्फुसाचा संसर्ग होतो. तोंड उघडं ठेवून श्वास, तोंडाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज ही त्याची लक्षणं.

दाराला किल्लीचं कुलूप हवं. नुसती कडी तो नाकाने ढकलून उघडतो.

कातळशिल्प

रानजाई, पिंजऱ्याबद्दल वाद नाही. अपघात बहुतेक दार उघडल्यावर होतात, आणि त्याचं कारण राग नसून भूक असते. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. सशाचा वास आलेला असताना जे काही गरम हलेल ते भक्ष्य. पकड बसली की वेटोळी पडतात आणि रक्ताभिसरणच थांबतं, त्यामुळे शुद्ध काही सेकंदांत हरपू शकते. गुदमरायला वेळ लागेल, तेवढ्यात सोडवू, हा हिशोब चुकीचा आहे.

दुसरं, 'मोठा' म्हणजे किती? २००९ मध्ये फ्लोरिडात दोन वर्षांची मुलगी दगावली, तो बर्मी साडेआठ फुटांचा होता, उपाशी ठेवलेला, आणि टाकीला झाकण म्हणून गोधडी. २०१३ मध्ये कॅनडातल्या कॅम्पबेल्टनला प्राण्यांच्या दुकानावरच्या घरात ठेवलेला आफ्रिकी अजगर हवा खेळवण्याच्या नळीतून निसटला आणि त्याच घरात झोपलेले दोन लहान भाऊ गेले. लहान मुलं असलेल्या घरात माझं उत्तर 'नाही', पिंजरा कितीही चांगला असला तरी.

रानजाई

लहान मुलं असतील तर मीही 'नाही'च म्हणेन. पण ही दोन्ही उदाहरणं बंदिस्तीच्या दोषाची आहेत. खाऊ घालण्याची शिस्त पाळता येत नाही असं थोडंच आहे?

दार उघडलं की आधी लांब हुकने अंगाला हलका स्पर्श करायचा. रोज तसंच केलं की हुक लागला म्हणजे खाणं नाही हे तो शिकतो. भक्ष्य कायम मेलेलं, गोठवलेलं, आतपर्यंत वितळवून कोमट केलेलं. जिवंत ससा चावून डोळा फोडू शकतो. लांब चिमट्याने द्यायचं, हाताने कधीच नाही. मोठ्या सापाला तीन-चार आठवड्यांनी एक ससा पुरतो. त्यानंतर निदान दोन दिवस उचलायचं नाही. आठ फुटांपुढे दुसरं सज्ञान माणूस त्याच खोलीत, हाकेच्या अंतरावर नव्हे. वेटोळं पडलंच तर शेपटीकडून उलगडत यायचं, डोक्याकडे ताकद लावायची नाही. तोंडात थोडी दारू ओतली की पकड बहुधा सुटते, म्हणून बाटली खोलीतच असावी.

कातळशिल्प

उत्तम यादी. पण ती वीस वर्षं, दर वेळी, दोन माणसांनी पाळायची आहे. दुसरं माणूस नोकरीसाठी गावाबाहेर गेलं की काय? बहुतेक घरांत तेव्हा एकट्यानेच दार उघडलं जातं.

भरतीओहोटी

जागा संपली, साप नको झाला, की काय होतं हे फ्लोरिडाने पाहिलंय. प्राणिसंग्रहालयं आणखी एक बर्मी घेत नाहीत. मग कुणीतरी दलदलीत सोडतं. १९९२च्या अँड्र्यू वादळात एक प्रजनन केंद्र उद्ध्वस्त होऊन निसटलेल्या सापांनीही भर घातली. एव्हरग्लेड्स या तिथल्या दलदलीच्या दक्षिण भागात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रस्त्यांवर दिसणारे रॅकून आणि ओपोसम हे लहान सस्तन प्राणी ९८ टक्क्यांहून जास्त घटलेले आढळले. तिथला वन्यजीव विभाग असे प्राणी दंड न करता स्वीकारतो. नको झालेला साप तिथे द्या, कालव्यात नाही.

रानजाई

सोडणाऱ्याला कडक शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. पण म्हणून सगळ्यांना बंदी? परवाना ठेवा.

भरतीओहोटी

तोही झाला. २००८ पासून तिथे शंभर डॉलरचा वार्षिक परवाना आणि कातडीखाली मायक्रोचिप सक्तीची होती. तोवर रानात अंडी घालणं सुरू होऊन कित्येक वर्षं लोटली होती. २०१० ला बर्मी, जाळीदार अजगर आणि हिरवा अॅनाकोंडा पाळण्यासाठी नव्याने घेणं बंद केलं.

रानजाई

उशिरा आला म्हणून परवानाच चूक ठरत नाही. पिल्लू विकण्याआधी आठ फुटांचा पिंजरा आणि दुसऱ्या माणसाची लेखी हमी तपासा. बहुतेक गिऱ्हाईकं तिथेच मागे फिरतील, आणि त्यांनी बॉल पायथन हा छोटा अजगर घ्यावा: चार-पाच फूट, उंदरावर भागतं, एकट्याने सांभाळता येतो.

पाणकणीस

ही अट असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. फक्त बुटक्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जाळीदार अजगरांनाही ती लावा. इंडोनेशियातल्या कलाओतोआ बेटावरची शुद्ध जात खरोखर लहान राहते, पण बाजारातली बरीच पिल्लं संकरित असतात, आणि नीट खाऊ घातलं की दहा फूट ओलांडतात.