बायपासला पाच आठवडे झाले, अण्णा ऐकायलेच नाहीत. किती चालू द्यायचं?

सोयाबीन_औसा:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहायलो, सांभाळून घ्या. आमच्या अण्णांची (वय ६१, शुगर आहे) पाडव्याच्या आठवड्यात बायपास झाली, छत्रपती संभाजीनगरला. तीन ब्लॉकेज होते, डाव्या पायाची नस काढून लावली. ऑपरेशन चांगलं झालं त्यात वाद नाही, पण सुट्टी देताना कागदावर "हलका व्यायाम, चालणे" एवढंच लिहून दिलं, आता हलका म्हंजे किती हे कोण सांगणार. तेव्हा आम्हाला विचारायचं सुधरलं नाही आन पुढची तारीख अजून दहा दिवसांनी आहे.

अण्णांचं कसंय, पहिले दोन आठवडे बाजेवरून उठायचं नाव नाही, भेटायला येणारा प्रत्येकजण "पडून राहा, हलू नका" सांगून चहा पिऊन जायचा. आता एकदम अंगात आल्यासारखं झालंय. परवा सकाळी न सांगता मळ्यात गेले, दीड-पावणेदोन किलोमीटर असंल. जाताना काय वाटलं नाही म्हणे, येताना बाभळीखाली बसून राहिले, शेवटी शेजारच्या पोरानं मोटरसायकलवर घालून आणलं. आणि काल तर हद्द झाली, आई बाहेर गेलेली तर हे म्हशीच्या धारंला बसले! आमची म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही ही पण खरी अडचण आहे.

तर किती चालावं, वजन किती उचलावं, टीव्हीपुढं बसून कपालभाती करायचे ते चालू करू का म्हणायलेत, आन गाडी कधी चालवायची? ज्यांच्या घरात झालंय त्यांनी सांगा.

तात्या_परळी:
माझी स्वतःची २०१९ ला झालीय, त्यामुळं अण्णांची बाजू मला कळते. आपल्याला आतून बरं वाटायला लागतं ना, तेव्हाच माणूस घोळ करतो. छातीचं हाड मधून करवतीनं कापून परत स्टीलच्या तारेनं बांधलेलं असतं, वरची कातडी जुळली म्हंजे हाड जुळलं असं नाही. मला सहा ते आठ आठवडे सांगितले होते आणि पूर्ण घट्ट व्हायला तीन महिने धरा म्हणाले. तोवर अडीच-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, काही डॉक्टर पाचपर्यंत चालवून घेतात. आता हिशेब करा, भरलेली घागर बारा-पंधरा किलो, नातू उचलला तर तेवढाच, युरियाची गोणी ४५ किलो.

चालण्याचं म्हणाल तर अण्णांची चूक एकच झाली, सरळ रेषेत गेले. जितकं गेलो तितकं परत यायचंय हे जाताना लक्षात राहत नाही. मी घराभोवतीच फेऱ्या मारायचो, अंगणात दोन ठिकाणी खुर्च्या टाकलेल्या. लोक हसायचे, हसू द्या. घरी आल्यावर पाच-पाच मिनिटं दिवसातनं तीन-चार वेळा, मग दोन-तीन दिवसाला एक-दोन मिनिटं वाढवायची, असं करत दीड-दोन महिन्यात सलग अर्धा तास झाला. एखाद्या दिवशी दमलो तर दुसऱ्या दिवशी कालच्यापेक्षा कमी, त्यात लाज नाही.

आणि ती बाज पहिल्यांदा काढा तिथनं. बाजेला झोळ असतो, त्यातून उठताना दोन्ही हातावर जोर येतो आणि छाती ताणते. लाकडी पलंग द्या, कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठायचं. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची. मला दवाखान्यातनं दिलेली उशी अजून आहे, आता नातवंडं तिच्यावर भांडतात.

रानवारा:
माझ्या मते लई विचार करायलात तुम्ही. आमचे मामा बायपासनंतर पंधरा दिवसात रानात होते, काय झालं नाही. शेतकऱ्याला बसवलं की तो खचतो.

फिजिओ_नांदेड:
रानवारा, मामांना काही झालं नाही ही चांगली गोष्ट, पण ते बघून बाकीच्यांनी करू नये. खचण्याचं मात्र बरोबर आहे, पडून राहणं पण धोक्याचंच, फुप्फुसाच्या खाली कफ साचतो, पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती असते. तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्र दिलं असेल ना, ते माळ्यावर गेलं असेल तर खाली काढा. फुंकायचं म्हणतात सगळे, पण ते आत ओढायचं असतं.

सोयाबीन_औसा, आधी हे सांगा, बाभळीखाली बसले तेव्हा छातीत दुखत होतं, गरगरत होतं, का नुसता दम लागला होता? आणि धार काढल्यावर छातीच्या हाडात कट्ट असा आवाज किंवा हलल्यासारखं वाटतंय का?

सोयाबीन_औसा:
विचारलं ताई. दुखलं नाही म्हणायलेत, पाय गळाले आन दम लागला, दहा मिनिटांत बरं वाटलं. आवाज नाही, पण काल रात्री छाती ठणकली जराशी. आन ते यंत्र खरंच माळ्यावर होतं 😅

फिजिओ_नांदेड:
मग दहा दिवस थांबू नका, सर्जनच्या ओपीडीला उद्या फोन करून हे दोन्ही सांगा. चालताना छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यापुढं अंधारी, धडधड थांबेना असं झालं तर तिथंच बसवायचं आणि १०८ लावायचा, मोटरसायकलवर घालून आणायचं नाही. टाक्यातून पाणी येणं, ताप, हाड हलणं किंवा एक-दोन दिवसांत वजन दीड-दोन किलोनं वाढणं, हे पण लगेच कळवायचं. वजन अचानक वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं. रोज सकाळी काट्यावर उभं करा.

चालण्याचा वेग कसा ठरवायचा? सगळ्यात सोपं, चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं तर वेग जास्त झाला. आम्ही बोर्गची पट्टी वापरतो, ६ ते २० आकडे असतात, माणसानं स्वतःच सांगायचं किती कष्ट वाटतात, आणि ११ ते १३ च्या आसपास ठेवतो. मनगटावरच्या घड्याळावर जाऊ नका. २२० मधून वय वजा करून ते नाडीचा जास्तीत जास्त आकडा दाखवतं, अण्णांचा १५९ येईल, पण मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी मुद्दामच कमी ठेवलेली असते, तो आकडा गाठायला गेले तर मरमर चालतील.

सुरुवातीला पाच मिनिटं हळू, शेवटी पाच मिनिटं हळू, एकदम थांबायचं नाही, रक्तदाब पडतो. जेवल्यावर तासभर नाही. सध्या आपल्याकडचं ऊन बघता सहाच्या आत किंवा दिवेलागणीलाच. पाणी किती प्यायचं हे डॉक्टरला विचारा, काहींना लघवीची गोळी असते. ज्या पायाची नस काढली तो सुजेल, बसल्यावर उशीवर ठेवा, मांडी घालून तासन्‌तास नको.

कपालभाती आत्ता नाही. पोटाला झटका बसला की छातीला बसतो. भस्त्रिका, सूर्यनमस्कार, श्वास रोखून धरायचं काहीच नाही. अनुलोम-विलोम श्वास न रोखता चालेल. खांदे मात्र रोज फिरवा, दुखणार नाही इतके, नाहीतर आखडतात. गाडीचं सर्जन ठरवतील, पण दुचाकीला निदान दोन-तीन महिने धरा. स्टँडवर चढवताना किती जोर लागतो आठवून बघा. ट्रॅक्टर त्याच्याही नंतर.

आणि म्हशीचं. धार काढणं नुसतं बोटांचं काम नाही, उकिडवं बसणं, वाकणं, आणि तिनं दाव्याला हिसका दिला की माणूस नकळत ओढतो. तोच हिसका नको आहे.

लेक_अंबाजोगाईची:
एक राहिलं. शुगरच्या गोळ्या असतील तर उपाशीपोटी चालायला पाठवू नका, आमच्या पप्पांना संकष्टीच्या दिवशी घाम फुटून थरथर सुटलेली, आम्हाला वाटलं परत हार्टच. शुगर ५८ निघाली, म्हंजे लई कमी. तेव्हापासून खिशात ग्लुकोजची पुडी आणि नाव-नंबरची चिठ्ठी. अजून एक, आमचे पप्पा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उगाच रडायचे, कुणाला सांगत नव्हते. अण्णांचं एकदम रानात पळणं पण तसलंच काही असेल, विचारून बघा.

तात्या_परळी:
रडतात. मी पण रडलोय.

सोयाबीन_औसा:
सगळ्यांचे आभार. फोन केला, उद्याच या म्हणले, एक्स-रे काढायचाय. बाज बाहेर काढली, अंगणात दोन खुर्च्या टाकल्या. म्हशीचं असं केलं की अण्णा तिच्या तोंडापुढं खुर्ची टाकून बोलत बसायलेत आन धार आई काढायली. अर्धा लिटर कमी दिलं, पण दिलं.