गिटार लावताना तार तुटेल अशी भीती वाटते
नवशिकी_गिटारवाली: नवीन अकूस्टिक घेतलीय, फोनवर ट्यूनर अ‍ॅप पण टाकलं, पण खुंटी पिळायला घेतली की हात थरथरतो, वाटतं आता तुटून डोळ्यातच जाणार. किती ताणायची?

सहावी_तार: अगं एवढी नाजूक नसते ती. जाड तारेकडून बारीककडे सूर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. तुटते ती बहुतेक सप्तक चुकलं की, अ‍ॅप ई दाखवतं पण वरचा, म्हणून अ‍ॅपवर हर्ट्झ (सेकंदाला किती कंपनं तो आकडा) बघ, जाड ई साधारण ८२, बारीक ३३०. आधी जरा सैल कर मग खालून वर ये, हळूहळू, आणि तार छेडत राहा म्हणजे भलतीच खुंटी पिळत असशील तर लगेच कळेल.

पेटीवाला: अ‍ॅपवरच राहू नका. जाड ई पाचव्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेला घर) दाबली की मोकळ्या ए सारखी वाजायला हवी, पुढे तसंच, फक्त जी वरून बी लावताना चौथा. घरात पेटी असेल तर पांढरी ६ म्हणजे ए.

नवशिकी_गिटारवाली: बी पर्यंत आले!! पण आधी लावलेली जाड ई परत उतरली??

सहावी_तार: नव्या तारा ताणल्या जातात, उतरणारच. परत लाव.