फोनच्या पलीकडे जिवंत माणूस हवा

कानात हेडफोन घातला की माणूस शेजारच्यापासून तुटतो, मग प्रेक्षकानेच कानातल्या आवाजाच्या सूचनेनुसार चालायचं-बोलायचं, अशा नाटकातून अनोळखी लोक जवळ कसे येणार, हा आक्षेप रास्त आहे. पण सगळे प्रयोग एकाच माळेतले नाहीत.

रिमिनी प्रोटोकॉल या बर्लिनच्या नाट्यमंडळींचं २००५ मधलं 'कॉल कटा' घ्या. बर्लिनमध्ये प्रेक्षकाच्या हातात मोबाइल द्यायचे आणि कोलकात्याच्या कॉल सेंटरमधला कर्मचारी त्याला वाट सांगायचा. हजारो मैलांवर बसलेला माणूस बर्लिनकराला त्याचंच शहर दाखवतोय! संहिता ठरलेली, पण बोलणारा जिवंत. त्यामुळे गप्पांना संहितेबाहेर जायची वाट मोकळी होती. एरवी कॉल सेंटरवाल्याशी आपण बोलतो ते तक्रारीपुरतं. इथे तोच तुमचा सोबती. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

त्यांच्याच 'रिमोट एक्स'मध्ये, २०१३ पासून, ५० जण हेडफोन लावून शहरातून चालतात आणि सूचना देणारा आवाज संगणकाचा असतो. तिथली जवळीक जमावाची, संवादाची नव्हे.

रोटोझाझा या नाट्यसंस्थेचं 'एटिकेट' याच्या अगदी उलट. कॅफेतलं टेबल, समोरासमोर दोघं, नट कुणीच नाही. कानातला आवाज सांगेल ते बोलायचं, करायचं. समोरच्याला काय सांगितलं जातंय ते आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघावंच लागतं. मराठीत कुणाला करायचं असेल तर इथूनच सुरुवात करावी. दोन खुर्च्या, दोन हेडफोन आणि कान तयार असलेला लेखक, एवढ्यावर भागेल.