हरणासाठी कमी धक्क्याची रायफल: .२४३ विंचेस्टर पुरेशी आहे का?

विस्कॉन्सिनकर
भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय संपवला आणि ते योग्यच झाले. म्हणून पुढील सर्व विवेचन विस्कॉन्सिनमधील परवान्याच्या शिकारीपुरते, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या नऊ दिवसांच्या बंदूक-हंगामापुरते आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणापुरते समजावे.

गेल्या हंगामात मी शेजाऱ्यांची .३०-०६ ही जबर धक्क्याची रायफल उसनी नेली होती. सरावाच्या दिवशी पंधराएक बार काढल्यावर खांदा काळानिळा पडला; पण खरे नुकसान निराळेच झाले. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे आपोआप मिटू लागले आणि पुढे ८० यार्डांवर शांत उभ्या असलेल्या मादीऐवजी मी तिच्या मागच्या ओकची साल उडवली. यंदा पत्नीनेही शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्यामुळे दोघांना पेलेल अशी एकच रायफल घ्यायची आहे.

माझा कौल .२४३ विंचेस्टरला आहे (असे आकडे म्हणजे गोळीचा इंचांतला साधारण व्यास). १९५५ साली .३०८ या जाड गोळीच्या काडतुसाची मान आवळून ते तयार झाले. त्याची १०० ग्रेनची (सुमारे साडेसहा ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण २,९५० फूट वेगाने निघते आणि २०० यार्डांवरही तिच्यात सुमारे १,३०० फूट-पौंड ऊर्जा उरते. आमच्या राज्यात .२२ सेंटरफायरपासून (तळाच्या मध्यावर ठिणगीची टोपी असलेल्या काडतुसापासून) पुढे सारे चालते. कोलोरॅडोत किमान मर्यादा .२४ आहे, म्हणजे तिथेही ही रायफल नियमात बसते. आमच्या रानात १०० यार्डांपलीकडे झाडीमुळे दिसतच नाही. मग यापेक्षा मोठे हवे कशाला?

मचाणवाला
आपले निदान बरोबर आहे, पण औषधाबाबत माझा मतभेद आहे. .२४३ हे नवशिक्याचे काडतूस म्हणून विकले जाते. माझ्या मते ते मुरलेल्या हाताचे काडतूस आहे. हरीण आडवे उभे असेल आणि गोळी फुप्फुसांत बसली, तर तक्रारीला जागाच नाही. परंतु ते तिरके उभे असेल आणि गोळीला खांद्याचे हाड फोडून आत जावे लागत असेल, तेव्हा साडेसहा ग्रॅमची गोळी आणि नऊ ग्रॅमची गोळी यांतला फरक कळतो. शिवाय लहान गोळी पुष्कळदा आरपार जात नाही, रक्ताचा माग पुसट पडतो, आणि दलदलीच्या कडेला अंधार पडत असताना जखमी जनावर शोधणे काय असते हे ज्याने एकदा अनुभवले आहे, तो खांद्याच्या दुखण्याचे फारसे कौतुक करत नाही.

आणखी एक धोका म्हणजे दुकानात याच काडतुसाच्या ५५-५८ ग्रेनच्या, पातळ कवचाच्या गोळ्याही मिळतात. त्या कायोटीसाठी, म्हणजे कोल्ह्यासारख्या लहान जनावरासाठी आहेत. हरणाच्या खांद्यावर त्या वरच्यावर फुटतात. नवख्याने चुकून तीच पेटी उचलली तर?

माझी शिफारस ७ एमएम-०८ रेमिंग्टनची आहे. ते १९८० चे काडतूस आहे आणि त्यात १४० ग्रेनची, म्हणजे नऊ ग्रॅमची गोळी येते. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना जी .२७५ रिग्बी भेट मिळाली, तिच्याही गोळीचा व्यास हाच होता आणि ताकदही जवळपास तेवढीच.

ओढ्याकाठची
कॉर्बेट यांचे उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते, मचाणवाले. त्या काळच्या साहेबांच्या दुनळी तोफांपुढे .२७५ ही हलकीच बंदूक होती. ती पुरली, कारण चालवणाऱ्याला तिची भीती नव्हती आणि नेम जिथे धरला तिथेच लागत होता.

मी सहा हंगाम .२४३ वापरते आहे. माझे वजन ५२ किलो आहे, आणि सुरुवातीला माझ्याही हाती “थोडे जास्तच असलेले बरे” म्हणून .३०८ देण्यात आली होती. पोटात लागलेली .३०८ ची गोळी हरणाला खांद्यामागे लागलेल्या .२४३ पेक्षा लवकर पाडत नाही. आपण सांगितलेला रक्ताच्या मागाचा मुद्दा मात्र मान्य आहे. म्हणून मी तांब्याची अखंड गोळी वापरते, जी बहुधा आरपार जाते, आणि जनावर तिरके उभे असेल तर बार काढत नाही. हे बंधन .३०-०६ वाल्यांनीही पाळायला हरकत नाही.

हिशेबी
दोन्ही पक्ष काडतुसावर भांडत आहेत आणि रायफलीच्या वजनाचे नावही कोणी काढत नाही. गोळी आणि जळालेली दारू यांना पुढे जेवढा संवेग मिळतो, तेवढाच रायफलीला मागे मिळतो. रायफल जड असेल तर तोच संवेग खांद्यावर कमी ऊर्जा घेऊन येतो. ८ पौंडांच्या रायफलीत, माझ्या हिशेबाने, .२४३ चा धक्का साडेनऊ फूट-पौंडांच्या आसपास, ६.५ क्रीडमूर या ६.५ मिमी व्यासाच्या काडतुसाचा १३, ७ एमएम-०८ चा १५ आणि १८० ग्रेनच्या .३०-०६ चा २२ येतो. आता तीच .२४३ सहा पौंडांच्या सुटसुटीत रायफलीत घाला: धक्का १३ वर जातो. म्हणजे “बायका-मुलांसाठी” म्हणून विकली जाणारी हलकी, आखूड .२४३ आणि पूर्ण वजनाची क्रीडमूर यांचा दणका सारखाच! (हा उलटा न्याय दुकानदार कधीच सांगत नाहीत.)

दुसरे म्हणजे, दचकण्यात मोठा वाटा आवाजाचा असतो. सरावाच्या वेळी कानात बोळे आणि त्यांवर कर्णरक्षक, अशी दोन्ही साधने वापरा. नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक (दारूचा वायू बाजूला वळवणारा तुकडा) बसवल्याने धक्का कमी होतो हे खरे, पण आवाज इतका तिखट होतो की मचाणावर उघड्या कानांनी बसणाऱ्याला मी तो कधीच सुचवणार नाही.

मचाणवाला
वजनाचा मुद्दा मी सोडला होता, ही चूक कबूल करतो. मचाणावर बसूनच शिकार करायची असेल तर दोन पौंड जास्त वाहून नेणे जड नाही. त्या हिशेबाने मी ७ एमएम-०८ चा हट्ट सोडून ६.५ क्रीडमूरपर्यंत खाली येतो. हे २००७ चे काडतूस आता जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळते आणि त्याची लांबट गोळी खोल जाते. स्वीडनमध्ये याच व्यासाच्या जुन्या ६.५×५५ ने मूससारखे अवाढव्य जनावर पिढ्यान्‌पिढ्या मारले जात आले आहे. त्याखाली मात्र मी उतरणार नाही. “तिरके असेल तर बार काढत नाही” हे ओढ्याकाठची यांना सहा हंगामांनंतर साधले आहे. पहिल्या हरणापुढे छाती धडधडत असताना ते विस्कॉन्सिनकर यांना साधेलच याची खात्री कोण देईल?

ओढ्याकाठची
आणि साडेतीन फूट-पौंड जास्त धक्क्याने ते अधिक साधेल, असे आपले म्हणणे आहे का?

विस्कॉन्सिनकर
मी .२४३ वर जवळजवळ पैसे भरणार होतो, आणि तीही सव्वासहा पौंडांचीच होती. हिशेबी यांचे आकडे वाचून थांबलो. दोन स्नेह्यांकडे .२४३ आणि ६.५ क्रीडमूर, दोन्ही पूर्ण वजनाच्या रायफली आहेत. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघेही त्या प्रत्येकी वीस-वीस बार चालवून पाहणार आहोत. पत्नीचा नेम जिच्यावर डगमगणार नाही, ती घेऊ. पण मी दचकतो आहे की नाही, हे माझे मला कसे कळावे? बार झाल्यावर रायफल हलतेच, त्यामुळे सारे झाकून जाते.

ओढ्याकाठची
खऱ्या काडतुसांत दोन-तीन डमी (दारू नसलेली) काडतुसे मिसळून रायफल दुसऱ्या कोणाकडून भरून घ्या, आणि आत कोणते आहे हे आपण पाहू नका. डमीवर चाप ओढला की रायफल हलायला नको. नळीचे टोक खाली गेले, तर आपण दचकलात. .३०-०६ च्या सवयीनंतर पहिल्या दिवशी ते बहुधा जाईलच. त्या दिवशी कोणतीही रायफल पसंत किंवा नापसंत करू नका.