हरिपूर : प्लॉटखाली हळदीची पेवं आहेत का, कसं शोधावं?

सांगलीजवळच्या हरिपुरात आमच्या प्लॉटवर घर बांधायचंय. जुनी माणसं सांगतात, खाली हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं आहेत, २००५ च्या पुरानंतर तोंडं बुजवली. पेवाचं तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र खाली पसरलेलं. वरून काही सुगावा लागत नाही. सातबारा, मोजणीचा नकाशा पाहिला, पेवाची नोंदच नाही. जुन्या हमालांना विचारलं तर प्रत्येकाचं बोट वेगळ्या जागी! शेजारची भिंत मातीची, त्यामुळे जेसीबी लावता येत नाही. आणि एखादं पेव धड निघालं तर ते बुजवायचं नाही, जपायचंय. सांगलीच्या हळद व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्यांत पेवाची जागा, चतुःसीमा लिहिलेली असायची का? असेल तर अशा वह्या आता कुठे बघायला मिळतील?