नव्या वसाहतीच्या पाण्याचा आणि मलवाहिनीचा खर्च कोणी उचलावा?

प्रश्न

आमची पाणीपुरवठा व मलनिस्सारण संस्था लहान असून सध्या तिच्याकडे सुमारे २,१०० जोडण्या आहेत. सेवाक्षेत्राच्या हद्दीला लागून ४०० घरांची नवी वसाहत उभारण्यासाठी एका विकासकाने अर्ज केला आहे. आमची मुख्य जलवाहिनी तेथून सुमारे २ किलोमीटरवर आहे. जमीन सखल असल्यामुळे सांडपाणी उताराने आणता येणार नाही, ते पंपाने उचलावे लागेल. वसाहतीच्या आतील सर्व वाहिन्या स्वखर्चाने टाकण्यास विकासक तयार आहे. मात्र बाहेरील मुख्य वाहिन्या, उंच टाकी, पंपगृह आणि शुद्धीकरण केंद्राची वाढीव क्षमता ही कामे संस्थेने कर्ज काढून करावीत आणि ४०० घरांच्या पाणीपट्टीतून ते कर्ज आपोआप फिटेल, असे त्याचे म्हणणे आहे. आमच्या मंडळातील निम्म्या सदस्यांना हे पटले आहे.

दुसरा पेच वाहिनीच्या आकाराचा आहे. या वसाहतीच्या पलीकडे आणखी ८०० घरे होतील एवढी जमीन मोकळी पडून आहे. तिचा विचार करून आताच मोठी वाहिनी टाकावी का, आणि टाकली तर तिचा जादा खर्च कोणाच्या नावे लिहावा? मी मंडळावर हिशेबाचे काम पाहतो, अभियंता नाही. जुन्या ग्राहकांवर अन्याय होऊ नये आणि नव्या घरांची अडवणूकही होऊ नये, असा मार्ग मला हवा आहे.

उत्तर १ (मलनिस्सारणाचे आराखडे करणारा)

आपण आकाराचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे, पण माझ्या मते आधी तोच सोडवायला हवा, कारण पैशांची वाटणी त्यावरूनच ठरते. उताराने वाहणाऱ्या नळाचा व्यास दुप्पट केला, तर त्याच ढाळाला त्याची वहनक्षमता दुप्पट न होता सहापटीहून अधिक होते. २०० मिलिमीटरऐवजी ३०० मिलिमीटरचा नळ घेतला, तर तो जवळजवळ तिप्पट प्रवाह वाहून नेतो, म्हणजे ४०० घरांच्या जागी १,२०० घरे. खर्चाचे मात्र तसे नसते. चर खणणे, बाजू ढासळू नयेत म्हणून आधार देणे, चरातले पाणी उपसणे, मॅनहोल बांधणे, माती भरून रस्ता पूर्ववत करणे, यांतच बहुतांश पैसा जातो आणि तो दोन्ही आकारांना जवळपास सारखाच लागतो. समजा, लहान वाहिनीला १०० भाग खर्च येतो, तर मोठीला १२५ येईल. तीच वाहिनी पुढे दहा वर्षांनी पुन्हा टाकायची झाल्यास पुन्हा १०० भाग लागतील, शिवाय तोपर्यंत झालेला रस्ता फोडावा लागेल. म्हणून उताराची मुख्य मलवाहिनी एकदाच आणि मोठी टाकावी.

हे तर्कशास्त्र पंपगृहाला मात्र लावू नये. माझ्या कामात मी पाहिलेली एक चूक येथे सविस्तर सांगतो, कारण आपली जमीन सखल आहे. एका वसाहतीसाठी पंपगृह आणि दाबवाहिनी (पंपाच्या दाबाने मैलापाणी पुढे नेणारी बंद वाहिनी) पूर्ण वस्तीच्या हिशेबाने बांधली गेली. परंतु सहा वर्षांनी मी तेथे गेलो तेव्हा जेमतेम एक तृतीयांश घरांत माणसे राहत होती. प्रवाह इतका कमी होता की मैलापाणी दाबवाहिनीत तासन्‌तास साचून राहत असे. प्राणवायू संपला की त्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि दाबवाहिनी ज्या मॅनहोलमध्ये रिकामी होते तेथे तो बाहेर पडतो. काँक्रीटच्या ओलसर छतावरील जीवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. आम्ही झाकण उचलले तेव्हा सडक्या अंड्यांचा भपकारा आला. आतल्या भिंतीचा वरचा भाग पांढरा आणि लोण्यासारखा मऊ झाला होता. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो सहज आत जात होता. खाली, पाण्याच्या पातळीखालचे काँक्रीट मात्र नव्यासारखे होते. दुरुस्तीचा खर्च त्या संस्थेच्या जुन्या ग्राहकांनी भरला, कारण विकासक तोवर काम संपवून निघून गेला होता.

यावर उपाय आहे. एका मोठ्या दाबवाहिनीऐवजी लहान व्यासाच्या दोन समांतर वाहिन्या टाकाव्यात आणि सुरुवातीस एकच चालवावी. उपसा विहिरीत (पंपगृहातील मैलापाणी साठणाऱ्या खड्ड्यात) मोठ्या पंपांसाठी जागा राखावी, पण प्रथम लहान पंप बसवावेत. उताराच्या वाहिनीत दिवसातून एकदा तरी प्रवाहाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग मिळाला पाहिजे, नाहीतर वाळू आणि गाळ तळाशी बसतो. अर्धवट वस्तीच्या काळात हा वेग मिळत नसेल, तर वाहिनी धुण्याचा वार्षिक खर्च आजच अंदाजपत्रकात धरावा. पाण्याच्या बाजूलाही काहीसे असेच आहे. लहान वसाहतीत जलवाहिनीचा आकार अनेकदा रोजच्या वापरापेक्षा आग विझवण्यासाठी लागणाऱ्या प्रवाहावरून ठरतो, त्यामुळे ती मोठी असते. घरे कमी असतील तर तिच्यात पाणी शिळे होते, क्लोरीन उतरते आणि टोकाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडून द्यावे लागते. हे सोडलेले पाणीसुद्धा कोणीतरी विकत घेऊन शुद्ध केलेले असते, ते हिशेबात धरायचे राहून जाते.

उत्तर २ (सार्वजनिक संस्थांच्या कर्जांचे काम केलेला)

“कर्ज पाणीपट्टीतून फिटेल” या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि दोन्ही तपासून पाहाव्या लागतील.

पहिली अशी की पाणीपट्टी मुळात वीज, रसायने, पगार आणि दुरुस्तीसाठी असते. नवे घर पट्टी भरते, त्याचबरोबर खर्चही वाढवते; कर्जासाठी त्यातून फार थोडे उरते. दुसरी अशी की घरांत वेळेवर माणसे राहायला येतील. बाहेरील कामांचा एकूण खर्च १०० भाग धरा आणि २० वर्षांचे, ८ टक्के व्याजाचे कर्ज घेतले असे समजा. वर्षाला सुमारे १०.२ भाग हप्ता बसतो, आणि तो घरे विकली गेली काय नि न गेली काय, द्यावाच लागतो. ४०० घरांवर तो सारखा वाटून आकारला आणि प्रत्यक्षात १०० घरेच भरली, तर जमा होतील २.५५ भाग, उरलेले ७.६५ भाग आपल्या २,१०० जुन्या जोडण्यांकडे वळतील. म्हणून मंडळासमोर हा प्रश्न मांडताना “खर्च कोण देणार” असे न विचारता “घरे उशिरा आली तर वाट पाहण्याचा खर्च कोण देणार” असे विचारावे. विकासकाच्या प्रस्तावात त्याचे उत्तर “जुने ग्राहक” असे आहे, फक्त ते तसे लिहिलेले नाही.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात १९२० च्या दशकात जमिनींच्या तेजीच्या काळात रिकाम्या भूखंडांवर आकारणी लावून त्या आधारे रस्ते आणि गटारांसाठी कर्जरोखे काढले गेले. तेजी ओसरल्यावर भूखंडधारकांनी पैसे भरणे सोडले आणि अनेक नगरांना रोख्यांचे हप्ते भरता आले नाहीत. वाहिन्या होत्या, पण त्यांना जोडायला घरे नव्हती.

जोखीम जुन्या ग्राहकांवर येऊ न देण्याचे तीन मार्ग वापरात आहेत. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे कामे त्यानेच करावीत किंवा पूर्ण रक्कम आगाऊ भरावी आणि पूर्ण झालेली कामे संस्थेकडे हस्तांतरित करावीत. दुसरा, प्रत्येक घराच्या जोडणीच्या वेळी क्षमताशुल्क, म्हणजे व्यवस्थेच्या क्षमतेतील त्या घराच्या वाट्याची एकरकमी किंमत, घ्यावे. पण ते जोडणीनंतर येते आणि वाहिनी त्याआधी टाकावी लागते, त्यामुळे मधल्या काळासाठी विकासकाची बँक हमी असल्याशिवाय हा मार्ग अपुरा आहे. तिसरा, त्या वसाहतीपुरता स्वतंत्र वित्तीय विभाग करून कर्जाचा भार केवळ तेथील मालमत्तांवर ठेवावा. कॅलिफोर्नियात १९८२ च्या कायद्याने अशी सोय झाली, आणि टेक्सासात अशा विभागांमार्फत विकासकाने केलेला खर्च नंतर रोख्यांतून परत दिला जातो. कायदा परवानगी देत असेल तरच हा मार्ग खुला असतो, आणि त्यात घर घेणाऱ्याला आधी स्पष्ट कल्पना देणे अत्यावश्यक आहे.

क्षमताशुल्काच्या बाबतीत १९७६ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्युनेडिन या शहराच्या पाणी व मलवाहिनी शुल्कावर दिलेला निकाल अजूनही मार्गदर्शक वाटतो. नव्या ग्राहकांकडून विस्ताराच्या खर्चाचा योग्य वाटा घेणे न्यायालयाने तत्त्वतः मान्य केले, पण तो पैसा विस्तारासाठीच वापरला जाईल असे बंधन उपविधीत नसल्यामुळे ते शुल्क टिकले नाही. आपणही या शुल्काचे खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे आणि नियमातच तसे लिहावे.

आता उत्तर १ मधील १२५ भागांच्या मोठ्या मलवाहिनीची वाटणी (हे भाग वरच्या कर्जाच्या हिशेबातील भागांहून वेगळे आहेत). विकासकाने आपल्या घरांसाठी लागणारे १०० भाग घालावेत आणि आकारवाढीचे २५ भाग संस्थेने घालावेत. पुढची ८०० घरे जोडली जातील तेव्हा प्रत्येकाने घरांच्या प्रमाणात वाटा द्यावा. १,२०० घरांच्या हिशेबाने पहिल्या ४०० घरांचा न्याय्य वाटा ४१.६७ भाग होतो, तेव्हा नंतर येणाऱ्यांचे ८३.३३ भाग जसजसे जमतील तसतसे आधी संस्थेचे २५ आणि मग विकासकाचे ५८.३३ परत करावेत. या परताव्याला १० किंवा १५ वर्षांची मुदत घालावी. ८ टक्क्यांनी रक्कम ९ वर्षांत दुप्पट होते, म्हणून परतावा व्याजासह की व्याजाविना हेही करारात लिहून घ्यावे. न लिहिल्यास पुढे तोच वादाचा मुद्दा होतो.

उत्तर ३ (अशाच एका वसाहतीतील रहिवासी)

मी तांत्रिक काही सांगू शकत नाही, फक्त घर घेणाऱ्याची बाजू मांडते. आम्ही घर घेतले तेव्हा पाणी आणि गटाराची सोय “पूर्ण” असल्याचे सांगितले गेले. दुसऱ्या वर्षी बिलावर एक नवी ओळ आली, मुख्य वाहिनीच्या कर्जाचा वाटा, आणि ती पुढे २० वर्षे येणार असल्याचे कळले. उल्लेख कराराच्या जोडपत्रात होता, परंतु वर्षाला किती रक्कम आणि किती वर्षे हे कोठेही एका जागी लिहिलेले नव्हते. खर्च आम्ही द्यायचा यावर माझी तक्रार नाही. सोय आमचीच आहे. पण घराच्या किमतीत तो धरलेला असता तर आम्ही कर्ज तेवढे काढले असते, किंवा लहान घर घेतले असते. आपण जो मार्ग निवडाल त्यात ही रक्कम विक्रीपूर्वी एका पानावर, आकड्यात, खरेदीदाराच्या सहीसह दिली जाईल असे बंधन विकासकावर घालावे, ही विनंती.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. ७.६५ भागांचा हिशेब मी मंडळापुढे तसाच ठेवणार आहे. एक शंका उरते. आमच्या शुद्धीकरण केंद्रात सध्या काही क्षमता शिल्लक आहे. विकासक म्हणतो की ती बांधून तयारच आहे, तेव्हा तिच्यासाठी शुल्क कशाला?

उत्तर २

ती क्षमता आपल्या जुन्या ग्राहकांनी वर्षानुवर्षे दरांतून भरून उभी केली आहे, म्हणून नव्या घरांनी तिच्यातील हिस्सा विकत घेणे योग्य ठरते. केंद्राचे घसारा वजा जाता मूल्य काढा, त्यातून अद्याप न फिटलेले कर्ज वजा करा आणि उरलेली रक्कम केंद्राच्या एकूण क्षमतेने भागा. न फिटलेले कर्ज वजा करणे महत्त्वाचे आहे, कारण त्याचे हप्ते नवी घरेही पुढे दरांतून भरणार आहेत आणि एकाच गोष्टीचे पैसे त्यांच्याकडून दोनदा घेणे चूक होईल. अनुदानातून बांधलेला भागही मी वगळतो.

उत्तर १

शिल्लक क्षमतेबाबत एक पुरवणी. ती मोजताना कोरड्या दिवसांचा सरासरी प्रवाह पाहू नका. वापरलेल्या पाण्यापैकी ढोबळमानाने ८० टक्के मलवाहिनीत येते, पण सकाळच्या दोन-तीन तासांत प्रवाह सरासरीच्या दुपटी-तिपटीवर जातो, आणि पावसाळ्यात जुन्या सांध्यांतून भूजल आत शिरते. कागदावर शिल्लक दिसणारी क्षमता त्या दिवसांत शून्य असू शकते. आधी वर्षभराच्या नोंदी काढा, मग विकासकाशी बोला.

करारात क्षमता राखून ठेवण्याला मुदत असावी. दोन-तीन वर्षांत पाया भरला गेला नाही, तर राखलेली क्षमता संस्थेकडे परत यावी. नाहीतर एकाच्या कागदावरील घरांमुळे दुसऱ्याची खरी घरे अडतील. आणि आतील वाहिन्या ताब्यात घेण्यापूर्वी जलवाहिनीची दाबचाचणी, मलवाहिनीतून फिरवलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण आणि प्रत्यक्ष टाकलेल्या वाहिन्यांचे नकाशे मागा. कॅमेरा दुसऱ्यांदा, दोषदायित्वाचा काळ (ज्या मुदतीत दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात) संपण्याच्या एक महिना आधी फिरवा, म्हणजे माती बसल्यावर खचलेले सांधे विकासकाची अनामत परत करण्याआधीच दिसतील.