‘रनटाइम’ला मराठीत काय म्हणावे?

खाडीकाठ
राजापूर तालुक्यातील आमच्या गावी मी बारावी झालेल्या मुलांसाठी सुट्टीत संगणकाचा वर्ग घेतो आणि त्यांच्यासाठी, जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतले प्रोग्रॅम ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या नोड.जेएसची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका मराठीत लिहितो आहे. पहिल्याच वाक्यावर अडलो. ‘नोड.जेएस हा जावास्क्रिप्टचा मुक्तस्रोत रनटाइम आहे’ असे लिहायचे, तर रनटाइमला काय म्हणावे? मी ‘धावकाळ’ असा शब्द योजला होता. परवा एका मुलीने ब्राउझरमध्ये हमखास चालणारी, संदेशाची छोटी खिडकी दाखवणारी ‘अलर्ट’ची ओळ फाइलमध्ये लिहून नोडवर चालवली, तेव्हा ‘अलर्ट इज नॉट डिफाइन्ड’ अशी चूक पडद्यावर आली. तिने विचारले, “सर, भाषा तीच, ओळ तीच, मग तिथे चालते ती इथे का चालत नाही?” ‘धावकाळ वेगळा आहे’ असे सांगायला तोंड उघडले आणि थांबलो, कारण तिच्या प्रश्नात काळाचा काही संबंधच नव्हता. जाणकारांनी मदत करावी.

सुरंगी
आपली अडचण खरी आहे, आणि तिचे मूळ इंग्रजी शब्दातच आहे. रनटाइमचे दोन अर्थ आहेत. ‘चूक रनटाइमला आली’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रोग्रॅम चालू असतानाचा काळ अभिप्रेत असतो आणि तिथे ‘चालनकाळ’ हा शब्द चपखल बसतो. ‘नोड हा रनटाइम आहे’ या वाक्यात मात्र प्रोग्रॅमला ज्याच्या आधाराने चालता येते ती सगळी व्यवस्था अभिप्रेत असते. ब्राउझर जावास्क्रिप्टला खिडकी आणि पान पुरवतो, म्हणून तिथे अलर्ट दिसतो. नोड तिला फाइली आणि नेटवर्क पुरवतो, त्याच्याकडे दाखवायला खिडकीच नाही. दोन अर्थांना दोन शब्द असावेत. दुसऱ्या अर्थासाठी मी ‘चालनपरिसर’ सुचवते.

तांडेल
सुरंगीताईंनी अर्थ नेमका उलगडला, पण शब्द पटला नाही. मी रत्नागिरीत गेली काही वर्षे याच कामावर पोट भरतो आणि ‘चालनपरिसर’ म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. मुलगा उद्या नोकरीला गेला की त्याला रनटाइमच ऐकू येणार आहे. आपण काजू म्हणतो, हापूस म्हणतो, चावी, पगार, लिलाव म्हणतो. हे सगळे पोर्तुगिजांकडून आले आणि आपल्या आजीच्या तोंडी मुरले. मिरकरवाड्यात मासळीचा लिलाव पुकारणाऱ्याला आपला शब्द परका आहे असे कधी वाटले असेल का? रनटाइमही तसाच मुरू द्यावा.

सुरंगी
तांडेलभाऊ, लिलाव मुरला तो बोलणाऱ्यांना रोज समोर दिसत होता म्हणून. रनटाइम डोळ्यांना दिसत नाही. त्याचा अर्थ शब्दानेच सांगावा लागतो. शिवाय आपण रत्नागिरीचे आहात. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार याच गावातून केला आणि त्यांचा ‘महापौर’ आज कोणालाही जड वाटत नाही. पहिल्या दिवशी तोही कुणाच्या तोंडी नव्हता.

तांडेल
महापौर रुजला, कारण पालिकेने तो पाटीवर लावला. आपल्या चालनपरिसराची पाटी कोण लावणार?

पाणंद
दोघांचीही क्षमा मागून कुडाळकडचा एक शब्द पुढे ठेवतो: ‘मांड’. शिमग्याला आमच्याकडे खेळ कुठेही उभा राहत नाही, मांडावरच राहतो. खेळे तेच, गाणी तीच, पण या मांडाचा मान वेगळा आणि त्या मांडाचा वेगळा. एका मांडावर जे चालते ते दुसऱ्यावर चालेलच असे नाही. खाडीकाठ सरांच्या विद्यार्थिनीला हेच सांगायचे आहे. जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्राउझरसाठी जन्मली आणि सर्व्हरवर ती चालवण्याचे काही प्रयत्न झाले तरी मुख्यतः त्याच मांडावर खेळत राहिली. २००९ मध्ये रायन डाल यांनी क्रोममधले व्ही-८ हे जावास्क्रिप्ट चालवणारे इंजिन घेऊन तिच्यासाठी सर्व्हरवर नवा मांड घातला, तो नोड. पुढे त्यांनीच डेनो नावाचा आणखी एक मांड घातला. ‘नोड हा जावास्क्रिप्टचा मांड आहे’ हे वाक्य माझ्या आईलाही कळेल.

सुरंगी
कल्पना फार सुंदर आहे, हे मनापासून सांगते. परंतु आमच्या संगमेश्वराकडे शिमग्यात पालखी बसते ती सहाणेवर, आणि मांड म्हटले की आम्हाला ‘मांड ठोकून बसणे’ आठवते. राजापूरच्या मुलांना हा शब्द आधी समजावून सांगावा लागेल, मग रनटाइम. शब्दाला टीप लागली की अर्धे काम फसले.

पाणंद
ताई, टीप चालनपरिसरालाही लागणारच आहे. माझ्या शब्दाची टीप निदान गावात उभी राहून दाखवता येते.

खाडीकाठ
‘मांड’ मी वर्गात तोंडी वापरून पाहीन. अलर्टचा प्रश्न त्याने खरोखर सुटतो. पुस्तिकेत लिहिण्याचे धाडस अजून होत नाही. दरम्यान चौथ्या पानावर दुसरी गाठ पडली आहे. मुले पहिला सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून आलेल्या मागण्यांना उत्तर देणारा प्रोग्रॅम, लिहितात आणि तो ‘३००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो’. एका शब्दावलीत पोर्टसाठी ‘द्वार’ दिसले. आमच्या मुलांना पोर्ट म्हणजे बंदर एवढेच ठाऊक आहे.

तांडेल
मग बंदरच लिहा. हा शब्दही फारसीतून आलेला आहे आणि कोकणाइतका तो कुठे रुळला आहे?

पाणंद
बंदर म्हटल्यास घोटाळा होईल. एका यंत्रावर ६५,५३५ पर्यंत क्रमांकाचे पोर्ट असतात आणि आलेली मागणी कोणत्या प्रोग्रॅमसाठी आहे ते त्या क्रमांकावरून कळते. यंत्राचा पत्ता म्हणजे बंदर आणि पोर्ट म्हणजे त्या बंदरातील धक्के, असे मला वाटते. होडीने नुसते बंदरात येऊन भागत नाही, तिला आपला धक्का गाठावा लागतो. वेबसाठी ८० आणि ४४३ हे धक्के ठरलेले आहेत. लिनक्स या कार्यप्रणालीवर १०२४ च्या खालच्या धक्क्यावर साध्या वापरकर्त्याला सहसा बसता येत नाही, म्हणून शिकताना ३००० घेतात.

सुरंगी
‘धक्का’ मला पूर्ण मान्य आहे, आणि तो आपल्या तिघांच्याही बोलीत आहे. फक्त ‘धक्क्यावर ऐकतो’ हे मराठी नव्हे. धक्क्यावर माणूस ऐकत उभा राहत नाही, होडीची वाट बघत उभा राहतो. ‘सर्व्हर ३००० क्रमांकाच्या धक्क्यावर वाट बघतो आहे’ असे लिहावे.

तांडेल
ताई, इथे माझा आक्षेप आहे. वाट बघणारा माणूस दुसरे काही करत नाही, आणि नोडचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट आहे. भातगिरणीवर गोण टाकून, नाव सांगून आपण बाजार उरकायला जातो आणि तांदूळ झाल्यावर गिरणवाला हाक मारतो, तसे नोड फाइल वाचण्याचे काम सोपवून पुढच्याकडे वळतो आणि हाक आली की परततो. त्याला ‘वाट बघतो’ म्हटले तर मुलांच्या मनात पहिल्याच दिवशी चुकीचे चित्र बसेल.

सुरंगी
गिरणीचा दाखला बरोबर आहे, पण तो फाइलीला लागू आहे, धक्क्याला नाही. कोणी आलेच नसेल तर नोड खरोखरच वाट बघत असतो.

खाडीकाठ
‘हाक’ हा शब्द कॉलबॅकसाठी, म्हणजे सोपवलेले काम झाल्यावर चालवायच्या भागासाठी, मी आजच लिहून घेतला. सोमवारी फळ्यावर ‘धक्का क्र. ३०००’ लिहिणार आहे. पहिल्या वाक्यातील जागा मात्र अजून कोरीच आहे.

पाणंद
सर, वेंगुर्ल्याकडची मुले वर्गात असतील तर त्यांना आधी विचारून घ्या. तिकडे धक्क्याला जेटी म्हणणारेही पुष्कळ आहेत.